खतांची प्रश्नोत्तरे : युरिया कधी, किती, कुठे

पाऊस दोन दिवस उघडला की पत्रांची रीघ लागते आणि निम्मी पत्रं युरियाचीच असतात. तीच या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र करून टाकलं तर चालतं का? (बारामती)
चालतं, पण कालवल्यावर लगेच टाका. रात्रभर ठेवलंत तर सकाळी गाळ हाती येईल.

प्रश्न : महिन्याचं सोयाबीन पिवळं पडलंय. एकरी एक पोतं युरिया देऊ का? (लातूर)
नको. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या रानात ती बहुधा लोहाची कमतरता असते. युरियाने ती जात नाही. पाणी साचलं असेल तर आधी चर काढा. मग दोन झाडं खुरप्याने मातीसकट उकरा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर झाड हवेतलं नत्र (नायट्रोजन) स्वतः घेतंय. वरून युरिया दिलात तर ते काम मंदावेल. गाठी नसतील किंवा आतून पांढरट असतील तर झाडं घेऊन कृषी विज्ञान केंद्र गाठा. फवारणी दुकानदाराला विचारून ठरवू नका.

प्रश्न : कपाशीची खुरपणी झालीय. दोन दिवसांत पाऊस येणार म्हणतात. युरिया फेकून ठेवला तर पावसाने आपोआप जमिनीत जाईल ना? (जालना)
कोण म्हणतात? अहो, दरवर्षी हेच. ओलसर जमिनीवर दाणा पडला की विरघळतो आणि मातीतलं युरिएज हे विकर (एन्झाइम) त्याचा अमोनिया करायला लागतं. तुमच्याकडच्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा आठाच्या आसपास किंवा पुढे, त्यात चुनखडी. अशा रानात वरच्यावर तयार झालेला अमोनिया वायू होऊन उडतो. दाणा दिसेनासा झाला की मुरला असं तुम्ही धरता! पाऊस आलाच नाही तर नत्र हवेत. धो धो आला तर ओढ्यात. नेमका भिजपाऊस नेमक्या वेळी आला तरच तुमचं साधलं.

‘निंबोळी लेपित आहे, उडत नाही’ असं दुकानात ठोकून देतात. देशातला युरिया 2015 पासून लेपितच आहे. तो लेप अमोनियाचं नायट्रेट होणं लांबवतो. अमोनिया उडणं थांबवत नाही.

वाफसा (ना चिखल ना कोरडं, अशी ओल) असताना बुंध्यापासून चार बोटं लांब, दोन इंच खोल टाका आणि मातीआड करा. मजूर मिळत नाहीत हे मान्य. मग ओळीच्या कडेने टाकून मागोमाग डवऱ्याने झाका. पण झाकणं संध्याकाळवर ढकलू नका. सगळी मात्रा एकदम नको, हप्त्याने द्या. कोकणात भाताला 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये चिखलात खोचतात, तीही याचसाठी. मात्रा किती, ते माती परीक्षणाचा अहवाल दाखवून कृषी सहायकाकडून ठरवून घ्या.

प्रश्न : नॅनो युरियाची बाटली घेतल्याशिवाय दुकानदार युरिया देत नाही. एक बाटली पोत्याबरोबरीची असते का? (यवतमाळ)
असं लिंकिंग बेकायदा आहे. पॉस मशीनची पावती मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. बरोबरीचं म्हणाल तर हिशेब करा : 45 किलोच्या पोत्यात 46 टक्के, म्हणजे 20.7 किलो नत्र. सुरुवातीच्या चार टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 20 ग्रॅम, नव्या 20 टक्क्यांच्या बाटलीतही साधारण 100 ग्रॅमच. पानातून कितीही चांगलं लागू पडलं तरी शेकडोपट अंतर भरून निघत नाही. फवारायची तर फवारा, पण तिच्या भरवशावर मुळाशी द्यायचा हप्ता कापू नका.

प्रश्न : सुरू उसाची मोठी बांधणी (बुंध्याला माती चढवणं) झाली. शेजाऱ्याचा ऊस जास्त हिरवा दिसतो. आणखी एक पोतं टाकू? (सांगली)
नाही. हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे आणि त्यातला शेवटचा 40 टक्के हप्ता बांधणीलाच संपतो. त्यानंतरच्या नत्राने ऊस लोळतो आणि साखरेचा उतारा घटतो. तो हप्ताच चुकला असेल तर कारखान्याच्या ऊसविकास अधिकाऱ्यांना रान दाखवा.

प्रश्न : गेल्या वर्षीच्या युरियाचे खडे झालेत. चालेल का? (धुळे)
चालेल. फोडून टाका.