वाचकांचे प्रश्न : जुन्या डेस्कटॉपचा फाइल सर्व्हर

प्रश्न : फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं मिळून दीड टीबी डेटा तीन एक्स्टर्नल डिस्कवर विखुरलाय. तयार नास (नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) महाग वाटतो. ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप घेऊन, एक डिस्क गेली तरी चालू राहील असा सर्व्हर करता येईल का? (नाशिक)

उत्तर : येईल, आणि एवढ्या डेटासाठी तेच करावं. इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम आणि गिगाबिट लॅन असलेला टॉवर बघा. बुटकं कॅबिनेट नको. त्यात साडेतीन इंची डिस्कला बहुधा एकच जागा असते आणि एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) येणारी सॅटा पॉवरची, म्हणजे डिस्कला वीज देणारी टोकंही मोजकीच. मग लोक मोलेक्सचं (जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या टोकाचं) सॅटा करणारं कन्व्हर्टर लावतात. त्यातलं ओतीव प्लास्टिकचं, वायरी आत बुजवलेलं टोक अजिबात वापरू नका. गरम होऊन प्लास्टिक मऊ पडलं की आतल्या वायरी एकमेकींना भिडून शॉर्ट होतात, कधी कधी पेटही घेतात. मागची पट्टी निघते आणि वायर वरून दाबून बसवलेली दिसते, ते टोक घ्या.

पैसे डब्यावर नाही, डिस्कवर घाला. 4 टीबीच्या दोन डिस्क घ्या, पण सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी लिहिणाऱ्या) आहेत हे कंपनीच्या डेटाशीटमध्ये बघूनच. दुकानदाराच्या ‘चालते हो’वर जाऊ नका. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात. सलग लिहीत राहिलं की तिचा वेग कोसळतो, आणि गेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरून घेताना नेमकं सलगच लिहावं लागतं. वेस्टर्न डिजिटलच्या 2 ते 6 टीबीच्या साध्या ‘रेड’ (Red) मॉडेलच्या डिस्क एसएमआर असल्याचं 2020 मध्ये उघड झालं. त्या कंपनीची हवी तर रेड प्लस घ्या. सीगेटमध्ये आयर्नवुल्फ घ्या, बॅराकुडा नको. दोन डिस्क दोन दुकानांतून घेतल्या तर उत्तम, म्हणजे एकाच लॉटच्या येणार नाहीत.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सॅटाचा, म्हणजे डिस्कच्या पोर्टचा, मोड एएचसीआय ठेवा. मदरबोर्डवरच्या ‘रेड’च्या (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवण्याची पद्धत) पर्यायाला हात लावू नका, बोर्ड गेला की डेटा वाचायची पंचाईत होते. वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याचं सेटिंगही तिथेच सापडेल. एका वेगळ्या छोट्या एसएसडीवर ट्रूनास ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम टाका. ती अख्खी एसएसडी त्याचीच होते. डेटा टाकण्याआधी दोन्ही डिस्कची लांबची स्मार्ट टेस्ट (डिस्कने स्वतःचीच केलेली तपासणी) लावा, एक रात्र जाईल. मग दोघींचा मिरर पूल करा, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा राहील. जागा 8 नाही, 4 टीबी मिळेल, आणि पडद्यावर ती 3.6 दिसेल, मोजण्याची पद्धत वेगळी, चोरी नव्हे. शेवटी विंडोजसाठी एसएमबी शेअर (नेटवर्कवरून उघडणारा फोल्डर), महिन्यातून एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) आणि ईमेलवर अलर्ट. अलर्ट लोक हमखास विसरतात. एक डिस्क मरून पडते, दुसरीवर सगळं बिनबोभाट चालतं, आणि कळतं ते दुसरी गेल्यावर.

सगळं मिळून 30 वॉट धरले तर महिन्याला साधारण 22 युनिट. यूपीएस घेताना मागे यूएसबी पोर्ट आहे का बघा. स्वस्तातल्या 600 व्हीएच्या यूपीएसला तो बहुधा नसतो, आणि तो नसेल तर बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळत नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा.

प्रश्न : जागा वाया जाऊ नये म्हणून तीन डिस्कची रेड-5 (तीनपैकी दोन डिस्कएवढी जागा देणारी जुळणी) करावी का? (कोल्हापूर)

उत्तर : दीड-दोन टीबीसाठी नको. एक डिस्क गेल्यावर उरलेल्या दोन्ही डिस्क पूर्ण वाचून तिसरी भरावी लागते, आणि तेवढ्यात दुसरी अडखळली की संपलं. मिररमध्ये नुसती नक्कल असते, आणि झेडएफएस (ट्रूनासची फाइल सिस्टिम) फक्त वापरलेली जागा भरून घेतं. 4 टीबीची डिस्क काठोकाठ भरलेली असली तरी सेकंदाला 150 एमबीच्या हिशोबाने साडेसात तासांचं काम.

प्रश्न : फाइल कॉपी करताना वेग 11 एमबीच्या वर जातच नाही. डिस्क खराब आहे का? (पुणे)

उत्तर : डिस्कचा दोष नाही. 11 हा आकडा दिसला की जोडणी 100 एमबीपीएसवर अडकली आहे असं समजा. इंटरनेटवाल्याने दिलेल्या स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट पुष्कळदा तेवढेच असतात. मध्ये गिगाबिट स्विच टाका आणि सर्व्हर व कॉम्प्युटर दोन्ही त्यालाच जोडा. तरीही फरक पडला नाही तर केबल बदला. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, एक तुटली की वेग 100 वर येतो. सगळं ठीक असेल तर सेकंदाला 110 एमबीच्या आसपास मिळायला हवेत.

प्रश्न : पूल ‘डिग्रेडेड’ (एक डिस्क नीट चालत नाही असं) दाखवतोय. नवी डिस्क मागवू का? (मडगाव)

उत्तर : आधी त्या डिस्कचे स्मार्ट आकडे बघा. 199 क्रमांकाचा, म्हणजे सीआरसी एररचा (केबलवरून जाताना डेटा बिघडल्याचा) आकडा वाढत असेल आणि 5, 197, 198 (डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे) शून्यावर असतील, तर दोष बहुतेक सॅटा केबलचा. केबल बदला, एरर क्लिअर करा, स्क्रब चालवा. 199 चा जुना आकडा कमी होणार नाही. वाढायचा थांबला की झालं. 197 शून्याच्या वर चढत असेल तर मात्र डिस्क बदलाच. काढण्याआधी पडद्यावरचा सीरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी ताडून घ्या, नाहीतर चांगली डिस्क हातात येते. मोकळा सॅटा पोर्ट असेल तर जुनी न काढताच नवी लावून ‘रिप्लेस’ द्या.

प्रश्न : मिरर असताना वेगळा बॅकअप हवाच का? (ठाणे)

उत्तर : हवाच. चुकून डिलीट केलेला फोल्डर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. त्यासाठी रोजचे स्नॅपशॉट (फाइली त्या वेळी जशा होत्या त्याची नोंद) महिनाभर ठेवा. फाइल बदलत नसतील तर जागा फारशी लागत नाही. पण चोरी, वीज पडणं, एसएमपीएस जळून दोन्ही डिस्क एकदम जाणं, यावर स्नॅपशॉटचा उपयोग नाही. घरातल्या जुन्या, धड असलेल्या आणि सगळा डेटा मावेल अशा एका एक्स्टर्नल डिस्कवर महिन्यातून एकदा नक्कल काढा, चार-पाच फाइली उघडून बघा, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. तिला सर्व्हरला कायम जोडून ठेवण्यात अर्थ नाही.