आठ इंची डॉब्सोनियनसाठी कॅमेरा कोणता आणि घ्यावा कोणाकडून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची, आरशाची) आहे, नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) १,२०० मि.मी. चाळीस हजारांच्या आत एक कॅमेरा घ्यायचाय, त्यात गुरू-शनीही टिपायचेत आणि मृगातला तेजोमेघही. शिवाय ऑनलाइन इतके विक्रेते दिसतात, त्यांतला खात्रीचा कसा ओळखायचा.

पुण्यात गच्चीवरून मीही अशाच डॉब्सोनियनवर बरीच वर्षं फोटो काढलेत, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. तेजोमेघ सध्या मनातून काढून टाका. कॅमेरा कितीही भारी घेतलात तरी या माउंटवर (दुर्बिणीच्या बैठकीवर) तो नीट होणार नाही. हिशेब सोपा आहे. आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतं (एका अंशात ३,६०० विकला). आजच्या ग्रहांच्या कॅमेऱ्यांत पिक्सेल साधारण २.९ मायक्रॉनचा असतो आणि १,२०० मि.मी.वर असा एक पिक्सेल अर्धी विकला आकाश व्यापतो. म्हणजे एक सेकंद शटर उघडं ठेवलं की तारा तीस पिक्सेल ओढला गेला. तेजोमेघाला तर एकेक फ्रेम कित्येक सेकंदांची लागते आणि अशा शेकडो फ्रेम्स लागतात. त्यासाठी ध्रुवाशी जुळवलेला, मोटरवर चालणारा विषुववृत्तीय माउंट हवा. आठ इंची नळी नीट पेलणारा माउंट घ्यायचा तर तुमची सगळी रक्कम त्याच्यातच जाईल आणि तरी पुरणार नाही.

ग्रहांचं गणित मात्र अगदी वेगळं आहे, आणि तिथे तुमची दुर्बीण उत्तम आहे. ग्रह तेजस्वी असल्यामुळे एक्स्पोजर दहा मिलिसेकंदांच्या आसपास पुरतं. तेवढ्या वेळात आकाश ०.१५ विकला सरकतं, म्हणजे दुप्पट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावूनही पिक्सेलभराच्या आतच. आपण फोटो काढतच नाही, व्हिडिओ घेतो. हजारो फ्रेम्समधून हवा क्षणभर स्थिर असतानाच्या फ्रेम्स सॉफ्टवेअर निवडतं आणि एकावर एक रचतं. गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा साधारण ४५ विकलांचा दिसतो. दुप्पट बार्लोवर तो तुमच्या सेन्सरवर १८० पिक्सेलांचा भरेल. पट्टे, लाल डाग, उपग्रहाची सावली हे सगळं त्यात येतं. मला पहिल्यांदा लाल डाग मिळाला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि मी घरच्यांना उठवून दाखवला होता.

या कामासाठी सोनीच्या आयएमएक्स ६६२ सेन्सरचा रंगीत कॅमेरा घ्या. झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएसआय ६६२एमसी हा त्यातला सर्वांत परिचित, प्लेयर वनचा मार्स-सी २ हाही त्याच सेन्सरवर आहे. तुमच्या रकमेत हा वर्ग बसतो. आयएमएक्स ५८५चा कॅमेरा घ्यावा का, असा मोह होईल. पिक्सेल तेवढाच, पण सेन्सर मोठा आणि किंमतही वरची. डॉब्सोनियनवर त्या मोठ्या सेन्सरचा एक खरा फायदा आहे, ग्रह चौकटीत जास्त वेळ टिकतो. ६६२चा सेन्सर साडेपाच मि.मी.हून थोडासा रुंद, त्यामुळे बार्लोसह गुरू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सुमारे अर्ध्या मिनिटात जातो. मग नळी हलकेच पुढे ढकलायची आणि पुन्हा चालू. दोन-तीन मिनिटांचं चित्रण असं तुकड्यातुकड्यांत होतं, आणि पीआयपीपी नावाचं मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधला ग्रह मध्यावर आणून ठेवतं. पुढे ऑटोस्टॅकर्ट रचायला आणि रेजिस्टॅक्स धार काढायला, तीही मोफत. तीन मिनिटांपेक्षा लांबवू नका. गुरू दहा तासांपेक्षाही कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, तपशील पुसट होतात. लॅपटॉपला यूएसबी ३ हवं आणि एसएसडीत मोकळी जागा हवी, हे कॅमेऱ्याइतकंच महत्त्वाचं.

चंद्र या सेन्सरवर अख्खा मावणार नाही, तुकडे जोडावे लागतील. अख्खा हवा असेल तर जुना डीएसएलआर बरा, त्यातल्या एपीएस-सी आकाराच्या मोठ्या सेन्सरवर १,२०० मि.मी.ला चंद्र आरामात बसतो. पण थांबा, अनेक डॉब्सोनियनवर डीएसएलआर फोकसच होत नाही. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये सेन्सर तोंडापासून ४४ मि.मी. आत असतो, टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) धरली की ५५. तेवढा फोकसर (नेत्रिका बसते ती सरकती नळी) आत जात नसेल तर प्रतिमा सेन्सरपर्यंत पोहोचतच नाही. बार्लोने बहुतेक वेळा हे सुटतं, पण मग चंद्र पुन्हा चौकटीबाहेर. छोट्या ग्रह-कॅमेऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही, ते नेत्रिकेच्या जागी सव्वा इंची फोकसरमध्ये सरळ बसतात.

थंड केलेले कॅमेरे, एएसआय ५३३एमसी प्रो वगैरे, ग्रहांसाठी लागत नाहीत. पुढे माउंट घेतलात तर एवढं लक्षात ठेवा की ते बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ३५ अंश खाली जातात. एप्रिलमध्ये मराठवाड्यात रात्री २८ अंश असताना युरोपातल्या लोकांसारखं उणे १५ लावायला गेलात तर ते जमणारच नाही. शून्य किंवा उणे पाच ठरवा आणि डार्क फ्रेम्सही (टोपी लावून घेतलेल्या काळ्या फ्रेम्स) त्याच तापमानाला घ्या.

आता विक्रेता. इथे मी स्वतः फसलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

माझा पहिला कॅमेरा मी सर्वांत स्वस्त दिसला तिथून घेतला होता. तीन महिन्यांत यूएसबीचा सांधा सैल झाला, चित्रण मध्येच तुटायचं. विक्रेत्याने आधी बघतो म्हटलं, मग फोन उचलणंच बंद केलं. निर्मात्याला अनुक्रमांक कळवला तेव्हा समजलं की तो कॅमेरा दुसऱ्या देशातल्या बाजारासाठी विकला गेला होता, भारतात त्याला वॉरंटी नव्हती. बिल म्हणून माझ्याकडे एक कच्ची पावती होती. खोका पुन्हा काढून पाहिला तर त्यावर आयातदाराचं नावच नव्हतं.

तेव्हापासून मी आधी तो खोकाच बघतो. परदेशातून रीतसर आलेल्या मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे त्या लेबलचा फोटो मागा. जो देतो त्याच्याशी पुढे बोला. मग जीएसटी क्रमांक मागा, जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की व्यवसायाचं नाव आणि नोंदणीची तारीख मोफत दिसते. बिलावर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लिहून घ्या. निर्माता स्वतःच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी देतो, तिच्यातलं नाव आणि बिलावरचं नाव जुळतंय का ते पाहा. पैसे कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले तर तिथेच थांबा.

कागदपत्रांइतकंच मी बोलण्यावरून ओळखतो. फोन करा आणि विचारा, "माझी आठ इंची डॉब्सोनियन आहे, यावर हा कॅमेरा फोकस होईल का, आणि कोणता बार्लो लागेल?" जाणता विक्रेता उलट तुम्हालाच विचारतो, फोकसर कोणता, माउंट कोणता, काय टिपायचंय. आता मी ज्यांच्याकडून घेतो त्यांनी मला एकदा महागडा थंड कॅमेरा घेऊ दिला नव्हता. आधी माउंट सुधारा, म्हणाले. त्यांचं त्या दिवशी नुकसान झालं, पण त्यानंतरची माझी प्रत्येक खरेदी त्यांच्याकडेच झाली.

परदेशी दुकानातून मागवणं बेकायदा नाही, पण सीमाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी धरून हिशेब करा. कुरियर कंपनी केवायसीही मागते. आणि बिघाड झाला तर कॅमेरा परत पाठवायचा खर्च तुमच्याच अंगावर येण्याची शक्यता मोठी.

खरेदीची वेळही आपल्याकडे महत्त्वाची आहे. जुलैत घेतलात तर परत करायची मुदत संपेपर्यंत एक तारा दिसणार नाही. घ्यावाच लागला तर घरात तपासा: कॅमेऱ्याला टोपी लावून लांब एक्स्पोजरच्या काळ्या फ्रेम्स घ्या, अडकून राहिलेले तेजस्वी ठिपके किती ते पाहा, अर्धा तास सलग चित्रण चालू ठेवून सांधा तुटतो का बघा, आणि ढग उघडले की दिवसा लांबच्या टॉवरवर फोकस करून पाहा. (सूर्याकडे नळी अजिबात वळवू नका.) कॅमेरा सिलिका जेलच्या डब्यातच ठेवा, आपल्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

तक्रार करायची वेळ आलीच तर ऑनलाइन विक्री करणाऱ्या मंचाला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असं ई-कॉमर्सचे २०२०चे नियम सांगतात. त्यानेही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आणि घ्यायच्या आधी एकदा तरी दुसऱ्याचा कॅमेरा हाताळा. पुण्यात १९४४पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईच्या बाजूला खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम होतात. तिथे येणाऱ्यांकडे दुर्बिणी असतात, कॅमेरे असतात, आणि कोणत्या विक्रेत्याने कोणाला कसं वागवलं याच्या खऱ्या हकिकती असतात. वापरलेला कॅमेरा घ्यायचा असेल तरी अशाच ओळखीतून, समोर चालवून घ्या.

तुमचा फोकसर सव्वा इंची आहे की दोन इंची, आणि बार्लो आधीपासून आहे का, तेवढं कळवा. ॲडॉप्टर कोणता लागेल ते मी नेमकं सांगतो.