जुन्या डेस्कटॉपचा फक्त प्रोसेसर बदलून भागतं का? भागतं.

तुमचा प्रश्न असा की घरी जुना आय-थ्री (इंटेलचा प्रोसेसर) आहे, हाताशी पाच हजारही नाहीत, तर नुसता प्रोसेसर बदलावा की सगळंच नवीन घ्यावं. असं विचारलं की लोक डोळे झाकून सांगतात, "भंगारात टाका." हे ऐकलं की माझं डोकं सणकतं, म्हणून लिहितोय.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. घरचा डेस्कटॉप आय-थ्री २१२०, एच-६१ बोर्ड (प्रोसेसर ज्यावर बसतो तो मदरबोर्ड), ४ जीबी रॅम. त्याच्यावर मी कृषी केंद्रांचे हिशेब टॅलीत ठेवतो आणि मुलगी टायपिंगच्या परीक्षेचा सराव करते. खरिपाच्या तोंडावर बियाण्या-खताची बिलं वाढली की मशीन जागच्या जागी बसायचं. नागपूरच्या एका दुकानात नेलं. त्या माणसानं कॅबिनेटचा स्क्रूसुद्धा काढला नाही. "याचं काही होत नाही भाऊ, पुरा सेटच बदला लागते," म्हणाला आणि बोर्ड, रॅम, प्रोसेसर, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) असं पंचवीस हजारांच्या वरचं कोटेशन हातात दिलं.

त्यात आमचे पुण्याचे साडभाऊ. लग्नाच्या पंगतीत चारचौघांसमोर म्हणाले, "काहून त्या डबड्यात पैसे घालता? लॅपटॉप घ्या किस्तीवर." त्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. आमचा पैसा कापूस विकल्यावर येतो, आणि तेव्हा कापूस भावाची वाट पाहत घरातच पडून होता.

घरी आलो आणि कॅबिनेट उघडलं. कापसाची गंजी त्याच खोलीत, त्यामुळे हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) पट्ट्यांत तंतूंचा जाड पांढरा थर बसलेला, पंख्याला हवा ओढायला जागाच नाही. खालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडखडीत. ब्रशनं थर काढला, कापडाला स्पिरिट लावून पेस्ट पुसली आणि बोर्डावर छापलेलं मॉडेलचं नाव वाचलं. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी होती. सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) ११५५, म्हणजे इंटेलची २०११ ची दुसरी पिढीही बसते आणि २०१२ ची तिसरीही. माझ्या २१२० मध्ये दोन कोअर (काम करणारे गाभे), त्याच जागी आय-फाइव्ह ३४७० बसतो, त्यात चार. ऑफिसांतून निघालेल्या मशीनचे सुटे भाग विकणाऱ्याकडून तो दोन हजारांच्या आत मिळाला.

तिसऱ्या पिढीसाठी एच-६१ च्या जुन्या बोर्डांना बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करावा लागतो, आणि तो जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. मध्येच लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो. आमच्या फीडरचा भरवसा नाही, म्हणून रात्री भारनियमन उरकल्यावर, यूपीएस पूर्ण चार्ज करून बसलो. टक्के पुढे सरकेपर्यंत मुलीनं कुणाला स्विचबोर्डाजवळ फिरकू दिलं नाही. मग लिव्हर उचलून जुना काढला, नवा ठेवला, वर तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट. या सॉकेटात पिना बोर्डावर असतात, त्यांना बोट लावायचं नाही.

मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. टॅली आणि ब्राउझर एकत्र उघडले तरी अडकत नाही. साडभाऊंना सांगितलं तर म्हणे, "नशिबानं चाललं." नशिबाचा काय संबंध? मी यादी वाचली होती. कोणता सॉकेट, कोणता बोर्ड, हे त्यांना विचारलं तेव्हा उत्तर नव्हतं. तुम्हालाही कुणी डबडं म्हणालं तर आधी हेच दोन प्रश्न विचारा.

आता तुमच्या कामाचं. आय-थ्री एवढं सांगून काही कळत नाही, पिढी सांगा. सहाव्या-सातव्या पिढीचा असेल तर फसू नका: आठवी-नववी पिढी त्याच ११५१ सॉकेटात बसल्यासारखी दिसते, पण जुन्या बोर्डावर चालत नाही. चौथी पिढी ११५० ची, तिचे प्रोसेसर ११५५ मध्ये जात नाहीत. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरचा एएम-४ सॉकेटवाला बोर्ड असेल तर तुम्ही सुखी. २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून ५००० मालिकेचा प्रोसेसरही चालतो. फक्त रायझन ५ ५६०० सारख्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहील, मग नावाच्या शेवटी 'जी' (G) हे अक्षर असलेला घ्या.

अजूनही जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर प्रोसेसरआधी एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) घाला. चालू व्हायला लागणारा वेळ तिनंच कमी होतो, माझ्याकडेही तिचा वाटा मोठा आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि पंखा खोलीतलीच हवा फेकतो, तेव्हा कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका. पाण्याच्या कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका.

आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे आठवी पिढी किंवा त्यापुढचा इंटेल लागतो, रायझनमध्ये साधारण २००० मालिकेपासून. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून बँकेचे व्यवहार मी त्या मशीनवर करत नाही. व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर मात्र थोडं थांबून बोर्डासकट नवीनच घ्या.

बोर्डाचं पूर्ण नाव आणि एसएमपीएसवरचा आकडा लिहा, यादी बघून कोणता बसेल ते सांगतो.