टॅबलेट घेतलाय, पण धंद्याच्या कामात त्याचा खरा उपयोग कसा करायचा?

तुम्ही मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबची कामं घेता. ११ इंची टॅबलेट घेतलाय, पण तो घरी सिनेमे बघायला जातो आणि मापं अजून वहीतच लिहिली जातात, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यात इंटिरियरची कंत्राटं घेतो. आपला धंदा बराचसा सारखा आहे, म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे, टॅबलेटला लॅपटॉपचं काम लावू नका. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली विंडोजवर चालतं. टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये रिपोर्ट बघता येतात, पण व्हाउचरच्या एंट्र्या ऑफिसातच बऱ्या. फर्म प्रोप्रायटरशिप असेल तर जीएसटी रिटर्न ओटीपीवर भरता येतं, पण कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लागतं आणि ते टॅबलेटला लावून काम होईल या भरवशावर शेवटची तारीख गाठू नका. एनीडेस्कने ऑफिसचा कॉम्प्युटर टॅबलेटवर उघडता येतो. एखादं चलन किंवा लेजर बघण्यापुरतं ते ठीक, बोटाने एक्सेलचे रकाने पकडण्यात मात्र जीव जातो. त्यामुळे खुर्चीत बसून करायचं काम कॉम्प्युटरकडे राहू द्या. टॅबलेट कमावतो तो साईटवर, क्लायंटसमोर आणि मिस्त्रीसमोर.

मापांपासून सुरुवात करा, कारण आपलं सगळं नुकसान तिथूनच निघतं. रिकाम्या किचनच्या प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढायचा आणि टॅबलेटच्या पेनने मापं त्या फोटोवरच लिहायची. बीम किती खाली आलाय, सिंकचा आउटलेट कुठे आहे, गॅसची पाइप कोपऱ्यापासून किती, चिमणीचा पॉइंट जमिनीपासून किती उंच. वहीत आपण नुसती चौकट काढतो आणि दोन दिवसांनी हा आकडा डाव्या भिंतीचा की उजव्या, यावर वाद होतो. फोटोवर तो प्रश्नच येत नाही. रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी घ्या. आपल्याकडच्या भिंती ओळंब्यात असतात असं समजून किचन बनवणाऱ्याला फिलर पट्ट्यांचा (भिंत आणि कपाटामधली फट झाकणाऱ्या) खर्च माहीत असतोच.

कॅमेऱ्याने माप दाखवणाऱ्या ॲपवर मात्र विसंबू नका. क्लायंटला ढोबळ अंदाज द्यायला ती चालतात. एक सूत म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, आणि शटरमधली (कपाटाच्या दारांमधली) फट तेवढीच असते. तिथे ॲप सेंटिमीटरने हुकलं तर शटर पुन्हा बनवावं लागेल. लेझर मीटर घ्या. ब्लूटूथवाला मिळाला तर आकडा थेट फोटोवर जातो, नाहीतर बघून लिहा, काही बिघडत नाही.

हे फोटो मिस्त्रीला व्हॉट्सॲपवर पाठवताना एक काळजी घ्या. साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ३ चा ८ दिसायला लागतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सूचना मराठीतच लिहा. गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये मराठी बोलून टाइप करता येतं आणि पेनने लिहिलेलं देवनागरीही ओळखलं जातं. माझ्या अनुभवात मिस्त्री पीडीएफ उघडत नाही, पण बाण काढून ‘इथे हिंज उजवीकडे’ लिहिलेला फोटो तो भिंतीवर धरून काम करतो.

आर्किटेक्टची ड्रॉइंगं येतात तिथे वेगळी शिस्त लागते. ती ए३ किंवा ए१ कागदासाठी काढलेली असतात आणि तुमचा स्क्रीन ए४ पेक्षाही लहान आहे (ए४ चा कर्ण १४ इंचांच्या वर जातो). सगळं पान एकदम वाचता येणार नाही, झूम करूनच बघायचं. म्हणून झूम केल्यावर रेघा फाटत नाहीत अशी मूळ पीडीएफच मागा, तिचा स्कॅन नको. एकेका साईटचा एकच फोल्डर, त्यात ड्रॉइंगची फक्त चालू रिव्हिजन (ताजी आवृत्ती), बाकी सगळं ‘जुनी’ नावाच्या फोल्डरमध्ये. जुन्या ड्रॉइंगवर कापलेला प्लाय परत जोडता येत नाही. आणि निघण्याआधी ऑफिसच्या वायफायवर फाइली ऑफलाइन करून घ्या. बेसमेंटमध्ये आणि नव्या टॉवरच्या लिफ्टजवळ नेटवर्कची आशा करू नये.

आता पैशाची गोष्ट. काम सुरू झाल्यावर क्लायंट म्हणतो, ‘इथे वर एक लॉफ्ट करून टाका ना.’ आपण मान हलवतो, लॉफ्ट होतो आणि शेवटच्या बिलात तो दिसला की ‘हे तर त्यातच होतं ना?’ यावर टॅबलेटइतकं चांगलं औषध मी पाहिलेलं नाही. गूगल शीट्समध्ये एक तयार पान ठेवा. आयटम, स्क्वेअर फूट किंवा रनिंग फूट, दर, रक्कम. दर आधीच भरलेले आणि त्या रकान्याला कुलूप. क्लायंटसमोरच लांबी-रुंदी टाका, आकडा त्याला दाखवा, पीडीएफ करा, त्यावर पेनने सही घ्या आणि तिथल्या तिथे त्याच्या ईमेलवर आणि व्हॉट्सॲपवर टाका. ही सही म्हणजे २००० च्या आयटी कायद्यातली डिजिटल सही नव्हे, हे लक्षात असू द्या. पण तारखेसह ईमेल गेलेला असतो, शक्यतो त्याचं ‘ओके’ही आलेलं असतं, आणि पुढच्या आरए बिलात (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने द्यायच्या बिलात) ‘एक्स्ट्रा आयटम’ लिहिताना घसा कोरडा पडत नाही.

एक्सेलच वापरायचं असेल तर हे जाणून घ्या: मायक्रोसॉफ्टची मोबाइल ॲप १०.१ इंचांपर्यंतच्या स्क्रीनवर फुकट एडिट करू देतात, त्यापेक्षा मोठ्या स्क्रीनवर वर्गणी लागते. तुमचा ११ इंची आहे, म्हणजे फाइल उघडेल, पण एडिटला पैसे. मी म्हणूनच शीट्सवर गेलो.

पेनशिवाय हे सगळं अर्धवट आहे. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेत एस पेन बहुधा बॉक्समध्येच येतो आणि लिहायला त्याला चार्जिंग लागत नाही. ॲपलची पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते आणि चार्ज ठेवावी लागते. आठवडाभर ड्रॉवरमध्ये पडलेली पेन्सिल साईटवर हमखास रिकामी निघते.

धूळ आणि ऊन यांचंही बघा. प्लाय कापताना उडणारा भुसा चार्जिंगच्या भोकात जातो, म्हणून झाकण असलेलं, मागे हात घालायला पट्टा असलेलं कव्हर घ्या. आयपॅडला बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंत चालतं असं ॲपल स्वतः सांगतं. मे महिन्यात गच्चीवर किंवा बंद गाडीत ते कधीच ओलांडलेलं असतं. मग स्क्रीन मंद होतो, चार्जिंग थांबतं. फक्त वायफायवाल्या (सिम नसलेल्या) आयपॅडमध्ये जीपीएस नसतं हेही माहीत असू द्या. सरकारी कामात फोटोवर ठिकाणाचा शिक्का मागतात, तेव्हा ते फोटो मोबाइलनेच काढा.

घरच्यांचं म्हणाल तर टॅबलेट अँड्रॉइडचा असेल तर सेटिंगमध्ये दुसरा युजर उघडून द्या. त्यांचे सिनेमे तिकडे, तुमच्या फाइली इकडे, दोघांना वेगळं कुलूप. आयपॅडवर वेगळे युजर नाहीत, तिथे गाइडेड ॲक्सेस लावून एकाच ॲपमध्ये अडकवून हातात द्यावा लागतो. क्लायंटला डिझाइन बघायला देतानाही हेच करा, नाहीतर बोट सरकवता सरकवता तो दुसऱ्याच्या कोटेशनवर पोचतो.

सगळं एकदम सुरू केलंत तर पुन्हा वहीवर याल. येत्या साईटला फक्त फोटोवरची मापं करा. दोन-तीन कामांत हात बसला की मग एक्स्ट्रा आयटमचं पान तयार करा. पान बनवताना दराचे रकाने कसे बांधायचे ते अडलं तर खाली विचारा. तुम्ही शटर स्क्वेअर फुटाने लावता की नगावर, तेवढं मात्र सांगा.