अपूर्णांक कुठवर आले?

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

‘विश्वाला माझं सोयरसुतक नाही, मग मीच कशाला धडपडू?’ असं तू विचारतोस. पहिला अर्धा भाग मला मान्य. गोची आहे ती त्या ‘मग’मध्ये.

माझे वडील आजारी होते तेव्हाची एक रात्र सांगतो. सलाईनचे थेंब मोजत मी स्टुलावर बसलो होतो. खिडकीबाहेर तारे नेहमीसारखेच लुकलुकत होते, आणि मला त्यांचा चक्क राग आला होता. तीनच्या सुमारास वॉर्डातली मावशी आली. तिनं कापसाचा बोळा पाण्यात भिजवून वडिलांच्या कोरड्या ओठांवरून फिरवला आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. वडील काही वाचले नाहीत. पण तो ओला बोळा निरर्थक होता, असं म्हणायची माझी आजही छाती होत नाही.

तू कामू हा फ्रेंच लेखक वाचतो आहेस. (स्वतःला अस्तित्ववादी, म्हणजे आयुष्याला अर्थ माणसाच्या स्वतःच्या निवडींतूनच येतो असं मानणारा, म्हणवून घ्यायला तो तयार नव्हता, बरं का.) तोच धोंडा पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलण्याची शिक्षा भोगणाऱ्या ग्रीक पुराणातल्या सिसिफसवरच्या १९४२च्या निबंधात तो आशेवर खार खाऊन आहे. कोणत्या आशेवर? कधीतरी, कुठेतरी सगळा हिशेब चुकता होईल, असं सांगून आजचं जगणं उद्यावर ढकलणाऱ्या. १९४७च्या ‘प्लेग’ कादंबरीतला त्याचा डॉक्टर मात्र, आपले विजय तात्पुरतेच हे पक्कं ठाऊक असूनही, रोज रोगी तपासत राहतो. मी याला आशाच म्हणतो. कामूनं हा शब्द चालवून घेतला असता का, कोण जाणे.

१९४५च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञानं एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. भाऊ युद्धात मारला गेलेला, आईला आधार फक्त याचाच. लढायला जाऊ की आईपाशी राहू? सार्त्र म्हणाला, तू मोकळा आहेस, निवड कर. तुझ्या वयात मला ही शुद्ध टोलवाटोलवी वाटली होती. त्याचा दुसरा मुद्दा फार उशिरा उमगला: सल्ला कुणाला विचारायचा हे ठरवतानाच माणसाची निवड झालेली असते. ‘सोडून दे सगळं’ म्हणणारे तुझ्या ओळखीत कमी नाहीत. तरी तू पत्र मला लिहिलंस.

आणि हो, शनिवारी त्या पोराला गणित शिकवायला जाणं थांबवलंस, हे पत्राच्या अगदी शेवटी, घाईघाईत लिहिलं आहेस. छेद समान करताना तो अडतो, असं तूच मागे कळवलं होतंस. पुढच्या पत्रात विश्वाबद्दल काही नसलं तरी चालेल. अपूर्णांक कुठवर आले, ते लिही.

तुझा,
सर