पुरावर काम करायचं म्हणणाऱ्या मुलीच्या वडिलांना

प्रश्न : आम्ही निपाणी तालुक्यात दूधगंगेकाठी राहतो. थोडी ऊसशेती आहे. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावी सायन्सला आहे. २०१९ च्या महापुरात घराची मागची भिंत पडली, जनावरांसह बाहेर राहावं लागलं. २०२१ ला पुन्हा घर सोडलं. २०२३ ला पावसानंच दगा दिला आणि उभा ऊस वैरणीला घातला. मुलगी म्हणते, गाव अशा संकटातही तगून राहील असं काही शिकायचं आहे. मला वाटतं, तिनं कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरी धरावी. अशा कामाला कोर्स असतो का? पोटापुरतं मिळतं का? तिची शाळा मराठी, कन्नड कच्चं आहे. – एक पालक

उत्तर :

सप्रेम नमस्कार. पूर ओसरला, भिंती सारवून झाल्या की बहुतेक घरं तो विषय सोडून देतात. तुमच्या मुलीनं तो सोडलेला नाही. तेवढ्यासाठी तरी तिच्या म्हणण्याकडे हट्ट म्हणून बघू नका.

आधी पोटाचं बोलतो, कारण तुमची काळजी तीच आहे. हे काम पगारी आहे. ग्रामपंचायतीत पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी असतो, महसूल खात्याचा ग्राम प्रशासन अधिकारी असतो, कृषी खात्याची माणसं होबळीच्या, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली मंडळाच्या, रयत संपर्क केंद्रात बसतात. पूर आला की घरं रिकामी करून घेण्यापासून पंचनाम्यापर्यंत सगळं याच खुर्च्यांवरून चालतं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, अध्यक्षतेखाली जिल्ह्याचं प्राधिकरण असतं. तिथे या विषयातली माणसं कंत्राटावर घेतात. साखर कारखान्यांच्या शेती विभागाला आणि कृषी विज्ञान केंद्रांना पाणी आणि पीक दोन्ही कळणारी माणसं लागतात. आपल्या बेळगाव जिल्ह्यात मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी इथे अशी केंद्रं आहेत. पुण्याच्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टसारख्या संस्था १९९३ पासून पाणलोटावर काम करतात. मात्र कंत्राटी जागेची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागते, आणि पहिली काही वर्षं पुण्यातल्या कंपनीइतका पगार मिळणार नाही. हे मुलीलाही आजच सांगा.

आता कोर्स. ‘आपत्ती व्यवस्थापन’ अशी पाटी लावून वर्षभराचं सर्टिफिकेट विकणारे खूप आहेत. बारावीनंतर लगेच तसल्या कोर्सला पैसे भरू नका. या क्षेत्रात आधी एक भक्कम मूळ विषय हातात लागतो. आपत्तीचं शिक्षण त्याच्यावर चढवायचं असतं. मूळ विषय सिव्हिल इंजिनिअरिंग असू शकतो, भूगोल किंवा भूशास्त्र घेऊन पुढे उपग्रह नकाशांचं काम असू शकतं, समाजकार्यही असू शकतं. गदगला ग्रामविकास आणि पंचायत राज विद्यापीठ आहे, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. ही दारं पदवीनंतरही उघडी असतील.

तुमच्या मुलीसाठी माझं मत बीएस्सी ॲग्रीच्या बाजूनं आहे. धारवाडचं कृषी विद्यापीठ जवळ आहे, पदवी चार वर्षांची आहे आणि प्रवेश कर्नाटकच्या सीईटीतून, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. तिच्या सायन्सच्या गटात जीवशास्त्र आहे ना, एवढं बघून घ्या. या बाजूनं मत देण्याचं कारण तुमच्याच शेतात आहे. हवा एका अंशानं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा थोड्या दिवसांत घाटावर कोसळतो आणि मग लांब ओढ देतो. काठाच्या गावाला पूर आणि दुष्काळ हे एकाच बदलाचे दोन हप्ते आहेत. सगळं शिवार उसाखाली असेल तर दोन्ही वेळा सगळं शिवारच बुडतं : पुरात शेंडा पाण्याखाली गेला की ऊस कुजतो, उन्हाळ्यात पाणी तुटलं की वाळतो. कुठल्या पट्टीत ऊस ठेवायचा, कुठे दुसरं पीक घ्यायचं, वैरण कोणत्या उंचीवर साठवायची, पाणी ओसरल्यावर बी कुठून आणायचं, हे गावाला सांगायला शेती शिकलेलं आणि गावानं आपलं मानलेलं माणूस लागतं. होड्या आणि जवान चार दिवसांसाठी येतात. उरलेलं वर्ष गावालाच निभवावं लागतं, आणि तुमची मुलगी बोलते आहे ते त्या उरलेल्या वर्षाबद्दल.

बेळगाव जिल्ह्यात तिला शिकायला मिळेल ते पुस्तकात मिळणं कठीण आहे. निपाणी-चिक्कोडीकडे महापूर, पूर्वेला अथणीकडे पाण्याचे टँकर, खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात तुटणाऱ्या वाड्या, आणि बेळगाव शहराला लागून येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात घुसलेलं. चार तऱ्हेची संकटं एकाच जिल्ह्यात.

कन्नडचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दूधगंगेवर काळम्मावाडी धरण आहे, वेदगंगेवर पाटगाव, दोन्ही महाराष्ट्रात. विसर्ग वाढल्याची बातमी कोल्हापूरहून मराठीत येते. घरं सोडायचा आदेश चिक्कोडीहून किंवा बेळगावच्या डीसी ऑफिसातून कन्नडमध्ये निघतो. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ हे बंधारे पाण्याखाली जातात ते या दोन कागदांच्या मधल्या काही तासांत. त्या तासांत दोन्हीकडचं वाचून वाडीवर नीट सांगणारं माणूस लागतं, आणि नंतर नुकसानभरपाईचा अर्ज तहसीलदारांच्या टेबलावर टिकेल अशा कन्नडमध्ये लिहिणारंही लागतं. अर्ज नीट लिहिता न आल्यामुळे किती घरांची भरपाई अडते, ते तुमच्या गल्लीतच विचारून पाहा. शिवाय पीडीओ किंवा ग्राम प्रशासन अधिकारी व्हायचं तर कन्नडची परीक्षा सक्तीची असते.

सीमाभागात या विषयावर बोलणं नाजूक आहे, हे मला ठाऊक आहे. मराठी शाळा टिकाव्यात, मराठीत कागद मिळावेत ही मागणी न्याय्य आहे आणि ती मी मनापासून मानतो. पण मुलीनं कन्नड उत्तम शिकल्यानं त्या मागणीचं काही कमी होत नाही. उलट मराठी वाड्यांना ऑफिसात आपलं माणूस मिळतं. पीयूसीची परीक्षा झाली की रोज एक कन्नड वर्तमानपत्र वाचायला लावा, आणि पंचायतीच्या नोटिसा तिच्याकडूनच वाचून घ्या.

पुण्याचा रस्ता मी बंद करत नाही. सीमावादातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात इंजिनिअरिंग प्रवेशाची वेगळी सोय आहे. तुमचं गाव यादीत असेल तर तो अर्जही भरून ठेवा. तिनं उद्या कॉम्प्युटर घेतलं तरी पुराचे नकाशे आणि इशाऱ्याच्या यंत्रणा बनवायला ते शिक्षण लागतंच. कर्नाटकच्या आपत्ती निरीक्षण केंद्रानं ग्रामपंचायतींत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत. त्यांचे आकडे वाचून गावाच्या भाषेत सांगणं हेही कामच आहे.

परीक्षेनंतरच्या सुट्टीत तिला एक काम द्या. दोन मैत्रिणींना घेऊन तिनं गावात घरोघरी जावं. २००५, २०१९, २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते थोरांना विचारून भिंतींवर रंगानं खूण करावी. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, कुणाकडे किती जनावरं, कुणाकडे ट्रॅक्टर, कोणती पाणंद आधी बुडते, हे वहीत लिहावं. जनावरांचा हिशेब मुद्दाम सांगतोय, कारण गोठा भरलेला असताना म्हातारी माणसं घर सोडत नाहीत आणि होडी रिकामी परत जाते. बचत गटातल्या बायकांना बरोबर घ्या. कुणाच्या घरात काय आहे हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं. वही मराठीत झाली की तिनं तिचं कन्नड करून पीडीओंना आणि ग्रामसभेत द्यावी. डीसी ऑफिसात ‘आपदा मित्र’ स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाचीही चौकशी करावी. महिनाभर उन्हात फिरून तिला हे नको वाटलं, तर तुम्ही दोघांनी बसून पुन्हा विचार करा. पण वही पूर्ण केली, तर तिला अडवू नका.

आणि एक तातडीचं. सीईटीत शेतीच्या अभ्यासक्रमांना शेतकरी कुटुंबांसाठी राखीव जागा असतात. त्यासाठी वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा होते : बियाणं, खतं, अवजारं ओळखायची. तुमच्या मुलीला ते घरचंच आहे, फक्त नावं कन्नड आणि इंग्रजीत पाठ करून घ्या. शेतकरी असल्याचा, उत्पन्नाचा आणि कर्नाटकात शिकल्याचा दाखला लागेल. सीईटीचे अर्ज सुटले की तहसील कचेरीत रांग लागते, म्हणून उतारे घेऊन याच महिन्यात जाऊन या.