एका बोटावर उचलता येणारी खुर्ची आणि वाचकांचे इतर प्रश्न

प्रश्न : इटालियन डिझायनर जिओ पोंतींची ‘सुपरलेज्जेरा’ खुर्ची लहान मूलही एका बोटावर उचलतं, असं वाचलं. इतकी हलकी खुर्ची मोडत कशी नाही?

उत्तर : तिचं वजन जेमतेम १.७ किलो, म्हणजे दोन किलो साखरेच्या पिशवीपेक्षाही कमी. त्यामुळे बोटावर उचलण्यात अतिशयोक्ती काहीच नाही. पण पोंतींनी ती शून्यातून काढलेली नाही. इटलीत जेनोव्हाजवळच्या कियावारी गावात १८०७ पासून सडपातळ, हलक्या खुर्च्या बनत आल्या आहेत, आणि पोंतींनी तोच साचा हाती घेतला. त्यात जिथे जिथे लाकूड नुसतंच बसून होतं, तिथून ते काढत गेले. आधी ‘लेज्जेरा’ आली. त्यानंतरही त्यांचं समाधान झालं नाही, आणि १९५७ मध्ये कासिना कंपनीने ‘सुपरलेज्जेरा’ बाजारात आणली.

तिच्या पायावरून हात फिरवला की गंमत कळते. पाय गोल नाही, चौकोनीही नाही. तो त्रिकोणी आहे आणि जाडी फक्त १८ मिलिमीटर. लाकूड ॲश नावाच्या झाडाचं. त्याचे तंतू लांब आणि सरळ असतात, त्यामुळे भार आला की ते तुटण्याऐवजी किंचित लवतं. बैठक बारीक वेताने विणलेली असल्यामुळे तिचं स्वतःचं वजन नाहीसारखंच. पाठीचे दोन्ही दांडे वर जाताना मागे झुकतात, म्हणून इतक्या काटकुळ्या खुर्चीतही पाठ अवघडत नाही. मात्र हे सगळं सांध्यांवर उभं आहे. सांधा केसभर जरी सैल राहिला, तरी एवढ्या बारीक लाकडात लपवायला जागा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटालियन डिझाइनमधली एकच वस्तू निवड म्हणाल, तर मी हीच निवडेन.

प्रश्न : त्या काळचे बहुतेक इटालियन डिझायनर मूळचे आर्किटेक्ट कसे?

उत्तर : फ्रांको आल्बिनी, मार्को झानुसो, अकिल्ले कास्तिल्योनी, विको माजिस्त्रेत्ती हे सगळे मिलानच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकले. पोंतीही तिथलेच. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत मिलानची अपार हानी झाली होती. युद्ध संपल्यावर नवी घरं हवी होती, आणि त्या घरांत मावेल असं सामानही. घर आखणाऱ्यानेच खुर्ची आखणं त्यांना स्वाभाविक वाटत होतं.

पण नुसत्या आराखड्यांनी काही झालं नसतं. मिलानच्या उत्तरेला ब्रियांझा नावाचा पट्टा आहे. तिथल्या मेदा, कांतू या गावांत पिढ्यान्‌पिढ्या सुतारकाम चालत आलेलं. कासिना मेदाचीच. आर्किटेक्टने सकाळी रेखाटन घेऊन यायचं, सुताराने ‘हे असं टिकणार नाही’ म्हणायचं आणि दोघांनी मिळून नमुना पुन्हा करायचा, अशी ती पद्धत होती. पुस्तकांत डिझायनरांची नावं ठळक छापतात आणि या कारागिरांची गाळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : या डिझायनरांत स्त्रिया होत्या का?

उत्तर : होत्या. फ्रांका हेल्ग यांनी आल्बिनींबरोबर बरोबरीने काम केलं. आन्ना कास्तेल्ली फेर्रिएरी यांनी कार्तेल्ल कंपनीसाठी प्लास्टिकच्या वस्तू घडवल्या. लीना बो पोंतींच्या हाताखाली काम करून १९४६ मध्ये ब्राझीलला गेल्या आणि १९५१ मध्ये त्यांनी वाडग्याच्या आकाराची, हवी तशी कलती करता येणारी खुर्ची केली.

प्रश्न : संगमरवरी पायाचा, कमानीसारखा वाकलेला दिवा एका दुकानात पाहिला. तो अस्सल ‘आर्को’ असेल का?

उत्तर : आधी पायाचा दगड बघा. कास्तिल्योनी बंधूंच्या १९६२ च्या या दिव्याला कर्राराच्या संगमरवराचा सुमारे ६५ किलोचा ठोकळा आहे आणि त्यातून आरपार भोक आहे. ते शोभेचं नाही. त्यात झाडूचा दांडा घालून दोघांनी दिवा उचलायचा, यासाठी ते ठेवलंय. ठोकळ्याचे कोपरेही कोणाला लागू नयेत म्हणून मोडलेले असतात. छताला भोक न पाडता जेवणाच्या टेबलावर उजेड यावा आणि मागून माणसाला जाता यावं, एवढ्यासाठी ही कमान. भोक नाही, दगड हलका आहे, कमान डुगडुगते, तर ती नक्कल समजा. भोक असलं म्हणजे अस्सल, असं मात्र नाही. नक्कल करणारेही भोक पाडतात. दुकानदाराकडे हा दिवा बनवणाऱ्या फ्लोस कंपनीची कागदपत्रं मागा.

प्रश्न : मी तुरिनला राहते. जुन्या बाजारातून झानुसोंच्या ‘लेडी’सारखी आरामखुर्ची घेतली. बसलं की आतून पिवळी भुकटी पडते. फेकून देऊ का?

उत्तर : मुळीच नको! ‘लेडी’ १९५१ ची, आर्फ्लेक्स कंपनीची. घोड्याचे केस आणि स्प्रिंगांऐवजी टायर बनवणाऱ्या पिरेल्ली कंपनीचा फोम रबर आणि ताणले जाणारे रबरी पट्टे वापरल्यामुळे ती गाजली. तो रबर हवा आणि उजेडाने कडक होतो आणि भुरभुरतो. तुमची खुर्ची त्याच पद्धतीची असेल, तर सांगाडा शाबूत असण्याची शक्यता बरीच आहे. ‘लेडी’ची बैठक, पाठ आणि हात वेगवेगळे बनवून मग जोडलेले असतात, त्यामुळे जाणकार कारागीर भाग सुटे करून फोम आणि पट्टे बदलू शकतो. खोलण्याआधी प्रत्येक बाजूचा फोटो काढा, पट्टे कुठून कुठे ताणलेत ते टिपून ठेवा आणि मूळ कापडाचा तुकडा व लेबल जपा. पुढे कधी विकायची झाली, तर तेच कामी येतील.